गुरुजींची फळी डावीकडे का वळते

शालिग्राम गुरुजींची फळी पुन्हा डावीकडे वळली.

पाण्यावर वाऱ्याची झुळूक नव्हती. आश्विनातले ऊन डोक्यावर होते आणि तलाव परातीतल्या पाण्यासारखा निश्चल पडला होता. जेवायला बसावे तशी मांडी घालून गुरुजी फळीवर बसले होते. पाठीला दोन सुके भोपळे, डोक्यावर काळी टोपी, हातात खळ्यावरचे लाकडी फावडे आणि पायांत जोडे. बत्तीस वर्षे हेडमास्तरकी केलेला माणूस अनवाणी घराबाहेर पडत नाही, मग पुढे जमीन असो की पाणी. फळी उजवीकडे यावी म्हणून ते डाव्या अंगाने फावडे मारत होते. शास्त्राप्रमाणे तिने उजवीकडे यायला हवे होते. पण संध्याकाळी गोठ्याकडे निघालेली म्हैस जशी कोणाचे ऐकत नाही, तशी ती सावकाश डावीकडे वळली, शंभरेक हात गेली आणि थांबली.

थांबली म्हणजे अडकली नव्हे. खाली खडक नव्हता, झुडूप नव्हते. गुरुजींनी दगड बांधून तीन पुरुष, म्हणजे तीन माणसांच्या उंचीइतकी, दोरी खाली सोडली, तरी तळ लागला नाही. फळी उभी होती ती आपल्या मनाने. गुरुजींनी मेणकापडातली वही काढून लिहिले : ‘प्रयोग चौथा. पर मागे, मध्यभागी. निष्कर्ष : डावीकडे. नंतर मुक्काम.’

मग त्यांनी फावडे मारून फळी माघारी फिरवली, आणि परत येताना ती गरीब गाईसारखी आली. याचाच त्यांना जास्त राग आला.

आता पर म्हणजे काय ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण गुरुजींच्या गावात, उमरदरीत, ते कोणीच समजून घेतले नाही. मासा पाण्यात सरळ पोहतो, कोलमडत नाही, ते त्याच्या अंगावरच्या परांमुळे. नुसती फळी पाण्यात टाकली तर ती कुठेही भरकटते. तिच्या पोटाखाली मागच्या बाजूला एक उभे पाते बसवले की ती नाकासमोर जाते. हे गुरुजींना एका कागदावरून कळले होते. शेगावला दर्शनाला गेले असता त्यांनी फुटाणे घेतले. फुटाणे संपले आणि पुडीच्या कागदावर एक चित्र दिसले. दूर समुद्रातल्या कुठल्याशा बेटावर एक उघडाबंब माणूस लाकडी फळीवर उभा राहून लाटेवरून येत होता. खाली फळी कशी करावी याची इंग्रजीत माहिती होती. ती अशी संपत होती : ‘पराची जागा ठरवताना एक गोष्ट कधीही विसरू नये, ती म्हणजे’ आणि तिथे कागद फाटला होता. ती कधीही न विसरण्याची गोष्ट दुसऱ्या कोणा भाविकाच्या फुटाण्यांबरोबर निघून गेली होती.

तरी गुरुजींनी कागद जपून ठेवला, कारण त्यांना तलाव ओलांडायचा होता, आणि तोही भाऊबीजेच्या आत.

तलाव होऊन तीन वर्षे होत आली होती. डोणगावकडून येणाऱ्या नाल्यावर बांध पडला, पाणी तुंबले आणि मधल्या खोलगटातले निंबखेड बुडाले. लोक पलीकडच्या वरच्या रानात नवे निंबखेड करून राहिले. तिथे गुरुजींची थोरली बहीण सत्यभामाबाई राहत होती. पूर्वी दोन्ही गावांत पाऊण कोसाची वाट होती. आता तलावाला वळसा घालून सहा कोस पडत. पहिल्या दिवाळीला गुरुजी तो वळसा घालून गेले. अक्काने दार उघडले नाही. दुसऱ्या दिवाळीलाही गेले. अक्का दाराआडून बोलली, एवढीच प्रगती.

“ही वाट माह्या गावची नोहे. माह्या गावच्या वाटेनं येशील, तरच ओवाळीन.”

आपल्याकडे ज्या बाईला भाऊ नसतो ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. भाऊ धडधाकट जिवंत असताना, अंगणाबाहेर उभा असताना, अक्काने दोन वर्षे चंद्राला ओवाळले. आणि यंदा दसऱ्याला तिने बाजारातल्या माणसाबरोबर निरोप धाडला : “शालिकले सांगजो, यंदाही चंद्रालेच ओवाळलं, तर मंग तोच माह्या भाऊ.”

निरोप ऐकून गुरुजींची पत्नी अन्नपूर्णाबाई डोळे पुसू लागली. गुरुजी मात्र उठून अंगणात फेऱ्या मारू लागले. त्यांच्या दृष्टीने हे गणित होते. वाट पाण्याखाली आहे; वाटेनेच यायचे आहे; म्हणून पाण्यावरून, वाटेच्या डोक्यावरून जायचे. अक्काच्या म्हणण्यात कुठेही ‘कोरड्या पायांनी’ अशी अट नव्हती.

लाकूड घरचेच होते. मागच्या पडवीत जुनी दमणी पडून होती. दमणी म्हणजे माणसे बसायची हलकी बैलगाडी. तिच्या बैठकीच्या सागवानी फळ्या काढून मोतीराम सुताराने सात फूट लांब, दोन फूट रुंद, आतून पोकळ अशी चपटी पेटी केली. सांध्यांत राळ आणि जवसाचे तेल भरले. तिला सगळे फळीच म्हणत. इथपर्यंत सगळे ठीक झाले. मग पराचा प्रश्न आला.

“गुरुजी, हे शेपूट कुठं ठोकू?”

“शेपूट नव्हे, मोतीराम. पर.”

“बरं, पर. मांगं ठोकू का मंधात?”

गुरुजींनी फाटका कागद उन्हात धरून पाहिला. फाटलेल्या भागात काही दिसले नाही. “मागे. मध्यभागी,” ते म्हणाले. असे ठामपणे म्हटले की मुलांना शंका येत नाही. फळीला आली.

पहिल्याच दिवशी बांधावर अर्धी उमरदरी जमली. चित्रातल्या माणसासारखे गुरुजी फळीवर उभे राहिले. उभे राहिले हे क्रियापद इथे फार वेळाचे नाही. भोपळ्यांनी त्यांना वर काढले. त्यानंतर त्यांनी मांडीचा निर्णय घेतला. तेवढ्यात तलावाचा चौकीदार किसनराव शिट्टी वाजवत आला.

“गुरुजी, परवाना?”

“कसला परवाना, किसन? मी तुला तिसरीत शिकवले आहे.”

“म्हणून तं इचारून राह्यलो. तुमीच शिकवलं, नियम तो नियम.”

स्वतःच शिकवलेले असे अंगावर आले की शिक्षकाला धड रागावताही येत नाही. गुरुजी तालुक्याला कचेरीत गेले. अर्ज घेणाऱ्या कारकुनाने विचारले, “वाहन कोणते? नाव, होडी की तराफा?”

“फळी.”

“फळी रकान्यात नाही. उतारू किती?”

“मी.”

“नावाडी?”

“मीच.”

“मग उतारू शून्य. रिकाम्या नावेला परवाना कशाला?” कारकून थोडा वेळ विचारात पडला. “जायचे कुठे?”

“उमरदरी ते निंबखेड. जुन्या वाटेने.”

कारकुनाने एक जाडजूड नोंदवही काढली, धूळ झटकली आणि बोट फिरवता फिरवता ते एका जागी ठेवले. “अहो, ही वाट तर चालू आहे.”

“ती पाण्याखाली आहे.”

“असेल. वहीत बंद केलेली नाही. हे पाहा, मागच्या उन्हाळ्यात मुरूम टाकला. आणि रहदारीचीही मोजणी आहे. रोज सरासरी अकरा गाड्या.”

गुरुजींनी चष्मा पुसून पाहिले. शाई ताजी होती. तीन वर्षे तीन पुरुषांहून खोल पाण्याखाली असलेल्या वाटेवर रोज अकरा गाड्या जात होत्या.

“सरकारी रस्त्याने जायला परवाना लागत नाही,” कारकून वही मिटत म्हणाला. “फक्त डाव्या बाजूने जा.”

ही सूचना फळीच्या कानावर कोणी घातली, हे मात्र शेवटपर्यंत कळले नाही.

आता प्रयोगांचे सांगायचे तर, फळी डावीकडे वळली म्हणून मोतीरामाने पर दोन बोटे उजवीकडे सरकवला. फळी डावीकडे गेली. डावीकडे सरकवला. डावीकडे गेली. थोडा तिरपा केला, मोठा केला, दोन लावले, तीन लावले. जुन्या जागांची भोके खुंट्या मारून बुजवता बुजवता फळीच्या पोटाला देवी येऊन गेल्यासारखे व्रण पडले. आणि प्रत्येक वेळी ती वळायची एकाच जागी, थांबायची एकाच जागी. गुरुजींनी बांधावरचा मोजणीचा दगड आणि टेकडीवरचा एकटा पळस यांच्या रेषा धरून पडताळले. फरक हातभराचाही नव्हता.

शेजारचा रंगराव म्हणजे सगळी हयात बैलांमागे गेलेला म्हातारा. तो बांधावर चिलीम घेऊन बसायचा. एक दिवस म्हणाला, “गुरुजी, एक इचारू? बैल गाडीच्या पुढं असते का मांगं?”

“पुढे.”

“मंग तुमचा पर मांगं काऊन? पुढं लावा ना!”

शास्त्राला हे मान्य नव्हते, पण शास्त्राने आतापर्यंत काय दिवे लावले होते? पर पुढे बसवला. फळी पाण्यात गेली, आणि तेलघाण्याच्या बैलासारखी गोल फिरू लागली. गुरुजींना घेरी आली, टोपी गेली. मग फळी एकदम स्थिर झाली, पाठमोरी झाली, आणि मागचे टोक पुढे करून निघाली. चिंताक्रांत चेहऱ्याने बांधाकडे बघत, पाठीकडच्या दिशेने ओढले जात, गुरुजी त्याच जागी जाऊन थांबले. बांधावर कोणी हसले नाही, ही गोष्ट त्यांना हसण्यापेक्षा जास्त लागली.

पलीकडच्या घरातली तानाबाई मग लिंबू घेऊन आली. “मी सांगून ठेवते, या फळीले लागीर हाये. हे बांधा पराले.” गुरुजी या असल्या गोष्टींविरुद्ध बत्तीस वर्षे बोलले होते, म्हणून त्यांनी बांधले नाही, अन्नपूर्णाबाईने बांधले. अर्ध्या पाण्यात दोरा तुटला आणि लिंबू सुटून पुढे तरंगू लागले. फळीच्या चार हात पुढे, वाटाड्यासारखे. ठरल्या जागी डावीकडे वळले. गुरुजी पोचले तेव्हा लिंबू आधीच येऊन तिथे थांबले होते.

त्या दुपारी गुरुजींना पहिल्यांदा तो आवाज आला. खालून, फार खालून, दगडगोट्यांवरून चाक जाते तशी खडखड. फळीच्या लाकडाला हादरा बसत होता, पाण्यावर मात्र सुरकुती नव्हती. खडखड मागून आली, फळीच्या शेजारून उजव्या बाजूने गेली आणि पुढे विरली. मग गोवऱ्यांच्या धुराचा वास आला. भर तलावात, भर उन्हात. कुजलेल्या पाल्याचा वायू असतो, असे गुरुजींनी स्वतःला समजावले, आणि मोठ्याने एकोणतीसचा पाढा म्हणायला सुरुवात केली. एकोणतीस सत्ते त्यांना आयुष्यात पहिल्यांदा आठवेना.

परतले तेव्हा त्यांचा रंग उतरलेला होता. रंगरावाने चिलीम खाली ठेवली.

“गुरुजी, मी चार रोज झाले पाहून राह्यलो. बोलू का नोको, म्हणून चूप होतो. फळी जिथं वळते ना, तिथं मोठी चिंच होती. वाट चिंचेले वळसा घालून डाव्या हातानं जात होती. ईसरले का तुमी?”

गुरुजी विसरले नव्हते. त्यांनी तलावावर सरळ रेघ मारली होती, कारण पाण्यावर वळणे दिसत नाहीत. पुढचे ते स्वतःच बोलले, अगदी हळू. “दमणीच्या फळ्या आहेत. तिच्यातच अक्काला पाठवणीला नेले. त्यानंतर दर दिवाळीला.”

“लाकडाले बी सवय लागते, गुरुजी,” मोतीराम म्हणाला, आणि आपल्याच बोलण्याने दचकून इकडेतिकडे पाहू लागला.

“पण थांबते कशाला? चिंचेपुढे ती का थांबते?”

रंगरावाने चिलीम उचलून पुन्हा पेटवली.

घरी आल्यावर गुरुजींनी नवा आकडेमोडीचा कागद घेतला. अन्नपूर्णाबाई करंज्यांचे सारण भाजत होती. उलथना न थांबवता ती मग म्हणाली, “वाचताना चुकलं, ते सुतारकामानं कसं दुरुस्त होईल?”

“काय चुकले?”

“माहीत नाही? पाण्याची नोटीस आली तवा साऱ्या निंबखेडले पारावर बसवून तुमीच वाचून दाखोली. शेतीले पाणी येईन, ऊस होईन. घरं बुडतील ही ओळ तुमी गाळली. अन् पह्यला अंगठा अक्काचा घेतला, मंग साऱ्यायचे.”

“गाळली नाही,” गुरुजी म्हणाले. “पुढे ढकलली. लोक उगाच घाबरले असते. नंतर समजावून सांगणार होतो.”

“कवा?”

कढईतला उलथना खरखर वाजत राहिला. गुरुजींनी आकडेमोड सुरू ठेवली, पण त्यांचा हातचा एक कुठेतरी राहून जात होता.

भाऊबीजेच्या दुपारी त्यांनी मोतीरामाला बोलावले. “सगळे पर काढून टाक. एकच ठेव, मागे. पण ठोकू नकोस. एका खुंटीवर सैल बसव. त्याला वळायचे तिकडे वळू दे.”

“अन् जागा?”

“त्याला ठाऊक आहे.”

दिवस कलताना ते निघाले. ओवाळणीचे लुगडे मेणकापडात बांधून छातीशी घेतले होते. द्वितीयेची कोर बारीक असते. सूर्य बुडाल्यावर ती घटकाभर दिसते आणि मावळते. ती दिसायच्या आत पलीकडे पोचायचे होते. बांधावर कोणी सूचना केली नाही. किसनरावानेही शिट्टी वाजवली नाही. त्याने टोपी काढून हातात धरली होती.

गुरुजींनी फावडे मांडीवर आडवे ठेवले आणि फळीला जाऊ दिले. ती गेली. वल्हवल्याशिवाय, ओढल्याशिवाय, बैल जुंपल्यासारखी संथ लयीत. चिंचेपाशी ती वळू लागली तेव्हा सवयीने गुरुजींनीही मान खाली घातली. तिथे चिंचेच्या फांद्या फार खाली यायच्या. पुढे शंभरेक हातांवर फळी थांबली.

आजूबाजूला पाणी काळसर झाले होते. खालून खडखड आली, शेजारून गेली. एक. मग दुसरी. गुरुजी मोजू लागले, आणि सातवी गाडी गेल्यावर त्यांना एकाएकी कळले की आपण कुठे उभे आहोत. सगळ्या गाड्या इथे क्षणभर थांबत होत्या. निंबखेडच्या वेशीत मारुती होता. तिथे थांबून, पायांतले काढून, हात जोडल्याशिवाय कोणी गावात शिरत नसे. ते स्वतः शिरले नव्हते, ना लहानपणी, ना हेडमास्तर झाल्यावर. आणि गेले पंधरा दिवस ते रोज इथे येऊन जोड्यांसकट बसत होते, आणि वहीत निष्कर्ष लिहीत होते.

त्यांनी जोडे काढले. पाण्यात कुठे ठेवायचे? काखेत धरले. हात जोडले. “आलो रे बाप्पा,” ते म्हणाले, आणि शास्त्राला वाईट वाटू नये म्हणून डोळे मिटून घेतले.

फळी हलली.

आता ती गल्लीतून जात होती, हे न बघताही कळत होते. दोन्ही बाजूंनी गारवा येत होता, भिंतींमधून यावा तसा. कुठेतरी जाते फिरत होते. एके ठिकाणी उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, आणि फळी शेवटची थांबली. हे थांबणे त्यांना ओळखीचे होते. दर दिवाळीला दमणी इथे थांबायची, आणि खाली उतरायच्या आत ते हाक मारायचे. हाक मारल्याशिवाय बहिणीच्या घरात शिरणे बरे दिसत नाही.

त्यांनी मागे पाहिले. बांध दूर होता, कोणाला ऐकू जाणार नव्हते.

“अक्का! आहेस का घरात?”

आणि खालून, खोल पाण्यातून, स्पष्ट उत्तर आले : “ओ!”

त्यानंतर फळी पलीकडच्या काठाला कधी लागली, हे गुरुजींना पुढे कधीही सांगता आले नाही. ते नव्या निंबखेडच्या चढावर अनवाणी, ओलेचिंब, काखेत जोडे आणि पाठीला भोपळे अशा अवस्थेत पोचले. एका हाताने फळी दोरीने ओढत आणली होती. अक्का अंगणात तबक घेऊन उभी होती. सुना, शेजारणी मागे होत्या. सगळ्यांचे डोळे मावळतीकडे लागले होते.

अक्काने मान वळवली. भोपळ्यांकडे तिने काही क्षण पाहिले, पण हसली नाही.

“कोन्त्या वाटेनं आला?”

“तुझ्या गावच्या.”

“चिंचेपाशी?”

“वाकलो.”

“मारोतीपाशी?”

गुरुजींनी काखेतले जोडे पुढे केले. अक्काने त्यांच्या अनवाणी पायांकडे पाहिले.

“अन् घरापाशी?”

“हाक मारली. आतून ओ आली.” गुरुजींनी जोडे खाली ठेवले. “अक्का, तुझाच आवाज होता.”

मागची सून अक्काकडे बोट करत पुढे झाली. “माय वो! आता घडीभरापूर्वी आत्याबाई इथं उभ्या उभ्या ओ म्हणाल्या. मी म्हटलं, कोणाले ओ देऊन राह्यल्या? म्हणे, शालिक आला.”

कोर दिसू लागली होती. पण अक्का तिच्याकडे बघत नव्हती. तिने तबक सुनेच्या हातात दिले, घरात गेली, ट्रंक उघडल्याचा आवाज आला, आणि ती घड्यांवर फाटत आलेला एक कागद घेऊन आली. तलाव होण्याआधी पारावर गुरुजींच्या हातात होता तोच.

“वाच. त्या दिवशी राह्यली ती ओळ.”

गुरुजींनी चष्मा पुसला. ओल्या धोतराने काच आणखी धूसर झाली. तरी त्यांना वाचायला डोळे लागत नव्हते. मुले धडा पाठ म्हणतात तसे हात मागे बांधून ते सरळ उभे राहिले. तोवर नव्या निंबखेडची माणसे कुडाला टेकून जमली होती.

“‘मौजे निंबखेड येथील गावठाण,’” ते म्हणू लागले, “‘त्यातील घरे, विहिरी, देवळे व येण्याजाण्याची वाट यांसह, पाण्याखाली जाईल. ज्या कोणास याबद्दल हरकत असेल...’”

ते थांबले. अन्नपूर्णाबाईलाही हा भाग माहीत नव्हता. तो फक्त त्यांनाच माहीत होता.

“पुढं,” अक्का म्हणाली.

“‘...त्याने आजपासून तीस दिवसांच्या आत येऊन कळवावे. त्याचे म्हणणे ऐकून घेण्यात येईल.’”

कुडापाशी कोणाची तरी बांगडी वाजली.

“तीस दिवस,” अक्का म्हणाली. तिने बोटांवर काहीतरी मोजल्यासारखे केले. “मी तं तिसऱ्याच दिवशी गेली असती.”

“मला वाटले, अक्का, तुम्हांला काय कळणार. मला वाटले, मला कळते.”

“हाव,” होकारार्थी मान हलवत अक्का म्हणाली. तेवढेच.

मग तिने पाट मांडायला सांगितला. गुरुजी भोपळ्यांसकटच बसले, कारण ओल्या दोरीची गाठ सुटेना. तिने त्यांच्या कपाळाला कुंकू लावले, अक्षता टाकल्या, निरांजन सावकाश तीनदा फिरवले. त्यांच्या खांद्यामागे ती कोर मावळून गेली. गुरुजींनी मेणकापड उलगडून लुगडे पुढे केले. अक्काने ते बाजूला सारले.

“लुगडी हायेत मले. ती फळी ठेव ओवाळणीत.”

“फळी? तुला ती काय करायची?”

“मले घरी जाऊन या लागते.”

गुरुजी तत्काळ शिक्षक झाले. पाणी किती खोल आहे, भोपळे कसे बांधायचे, पर अजून नुसता खुंटीवर आहे, तो पक्का केल्याशिवाय फळी कुठे जाईल याचा काही भरवसा नाही, हे सगळे त्यांनी क्रमाने समजावून सांगितले. पाठ चुकत असलेल्या पोराचे ऐकावे तसे अक्काने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

“वाट मले माईत हाये, शालिक,” ती म्हणाली. “अन् काम बी एकच हाये. निघाच्या घाईत मांगचं दार लावाचं राह्यलं माह्यं. तीन सालं झाली, वाजत राह्यते.”

काहीतरीच बोलतेस, असे गुरुजी म्हणणार होते. पण त्याआधी त्यांनी तलावाकडे कान दिला. पाण्याखाली कुठेतरी एक दार आपटत होते. मग उठले आणि फळीची दोरी तिच्या हातात दिली.